पडवीचं छप्पर, सुतारदादा आणि एक अख्खा पावसाळा

छपराच्या कामाबद्दल लगेच लिहायचं नाही, हे मी मे महिन्यातच ठरवलं होतं. उन्हात सगळीच छपरं चांगली दिसतात. आता दिवाळी झाली, पाऊस गेला. परवा पडवीतली भिंत वरपासून खालपर्यंत हाताने चाचपून पाहिली. कोरडी आहे. म्हणून आज लिहायला बसले.

आमचं घर रत्नागिरी तालुक्यात, पावसच्या बाजूला. माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं, जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. पडवी पश्चिमेला, २८ फूट लांब आणि ८ फूट रुंद. कोकणातल्या घरात राहिलेल्यांना पडवी म्हणजे काय हे सांगायला नको. आमच्याकडे एप्रिलमध्ये तिथे आंब्याची आढी असते, पेट्या भरल्या जातात. मेमध्ये आमसुलं आणि फणसाची साठं संध्याकाळी उचलून तिथे आणायची. पावसात कपडे तिथेच वाळतात. ८१ वर्षांच्या माझ्या सासूबाई सकाळी चहापासून दिवेलागणीपर्यंत तिथल्या झोपाळ्यावर असतात. आणि मोबाइलला रेंजसुद्धा पडवीच्या दक्षिणेच्या टोकालाच मिळते, घरात नाही. त्यामुळे पडवी गळते म्हणजे घराचं अर्धं आयुष्य गळतं.

गळायला लागली २०११ नंतर. त्या वर्षी एका ठेकेदाराकडून आम्ही पडवी दुरुस्त करून घेतली होती. वळचण, म्हणजे छपराची खालची कड, फार खाली येते, माणसाचं डोकं आपटतं, म्हणून त्याने पुढच्या खांबांच्या खाली सिमेंटचे ठोकळे घालून वळचण सव्वा फूट वर उचलली. तेव्हा आम्हा सगळ्यांनाच ते आवडलं होतं. ऐसपैस वाटायचं, उजेड वाढला होता. मग दर पावसाळ्यात भिंतीच्या कडेने ओल उतरू लागली. आधी पोपडे आले, मग बुरशी, मग दोन वर्षांनी वरच्या कौलांच्या खालून थेंब. दर वर्षी मिरगाच्या आधी माणूस लावून कौलं परतून घ्यायची, फुटकी बदलायची, भिंतीच्या सांध्यात सिमेंट भरायचं, आणि जुलैत पुन्हा बादल्या मांडायच्या. माझ्या धाकटीने पहिलीत असताना घराचं चित्र काढलं होतं, त्यात पडवीत तीन बादल्या होत्या. ते चित्र मी ठेवलंय.

गेल्या वर्षी गणपतीत धाकटे भाऊजी ठाण्याहून आले ते ठरवूनच आले होते, की आता कौलं काढायची आणि पत्रे घालायचे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माकडं दर वर्षी वीस-पंचवीस कौलं फोडतात, आमच्या वाडीत निम्म्या घरांवर त्याच कारणाने पत्रे आले. लोखंडी पाइप आणि रंगीत पत्र्याचं कोटेशन आलं ६८ हजारांचं. गोठ्यावर आम्ही स्वतःच पत्रे घातलेत, त्याचं मला काही वाईट वाटत नाही. पण पडवीत सासूबाई दिवसभर बसतात. मेच्या दुपारी पत्र्याखाली त्या कशा बसणार, आणि आषाढात त्या आवाजात त्यांना माणसाचं बोलणं कसं ऐकू येणार? त्यांना आताच कमी ऐकू येतं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त भाऊजी निघताना म्हणाल्या, “पत्रे घाला, मी माजघरात बसेन.” त्या रात्री ह्यांनी आणि मी ठरवलं, की एकदा चांगल्या सुताराला दाखवल्याशिवाय कौलं उतरवायची नाहीत.

चांगला सुतार मिळायला जानेवारी उजाडला. पलीकडच्या गावातले हे सुतारदादा साठीच्या आसपासचे. सोबत त्यांचा मुलगा आणि दोन गडी. नाव-नंबर इथे टाकू नको असं त्यांनीच सांगितलंय, कारण मेअखेरपर्यंतची कामं त्यांच्याकडे संक्रांतीलाच भरलेली असतात. आमच्या भागातल्या कोणाला हवं असेल त्याला वाडीत विचारलं तरी कळेल.

पहिल्या दिवशी ते आले तेव्हा छपराकडे त्यांनी पाहिलंच नाही. खळ्यात, म्हणजे अंगणात, उभे राहून बराच वेळ खांबांच्या पायाकडे पाहत होते. मग ओळंबा आणि टेप काढली, भिंतीकडची उंची घेतली, वळचणीची घेतली, आणि सासूबाईंना विचारलं, “काकी, पयली वळचण कुठवर होती?” सासूबाईंनी झोपाळ्यावरून उठून मधल्या खांबाशी हात लावून दाखवलं. तिथे लाकडावर जुन्या पट्टीची खूण होती. मी लग्न होऊन आल्याला तेवीस वर्षं झाली, मला ती कधी दिसली नव्हती.

“वहिनी, कवलं नाय बिघडलेली,” ते म्हणाले. “ह्याचा उतार मेलाय.”

मग त्यांनी जे समजावलं ते मी इथे नीट लिहिते, कारण चौदा वर्षं आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. मंगलोरी कौलाला दोन फुटांमागे निदान एक फूट उतार लागतो. आठ फुटांच्या पडवीला चार फूट. वळचण उचलल्यावर आमचा उतार राहिला पावणेतीन फूट. कौल कौलावर चढतं ते तीन-चार बोटं. उतार पुरेसा असला की पाणी त्या सांध्यावरून सरळ खाली धावतं. उतार कमी झाला की ते रेंगाळतं, आणि आमची पडवी पश्चिमेला, समुद्राचा वारा अंगावर घेणारी. तो वारा रेंगाळलेलं पाणी उलटं वर ढकलतो आणि ते सांध्यातून आत येतं. अशा जागी कौलं कितीही वेळा परतली तरी पाणी यायचंच.

दुसरी गोष्ट भिंतीच्या सांध्याची. छपराचं लाकूड उन्हात आक्रसतं, पावसात फुगतं. भिंत जागची हलत नाही. दोघांच्या मध्ये सिमेंट भरलं की पहिल्याच उन्हाळ्यात केसाएवढी चीर पडते, आणि तिथून गेलेलं पाणी थेट वाशांच्या डोक्यांवर. हे सांगता सांगता ते शिडीवर चढले आणि भिंतीलगतच्या एका वाशात पटाशी टेकवली. ठोकली नाही, नुसती दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा मागोमाग भुकटी गळाली, नाचणीच्या पिठासारखी, तशीच तपकिरी आणि तशीच मऊ. माझ्या तळहातावर पडली. बाहेरून तो वासा धडधाकट दिसत होता, त्याच्यावर मी वर्षानुवर्षं तोरणं बांधली होती.

पंधरापैकी सहा वासे पूर्ण गेलेले, तिघांची फक्त डोकी गेलेली, सहा उत्तम. रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्या, सगळ्या बदलायच्या. त्यांनी हे वासा वासा ठोकून, आवाज ऐकून, खडूने खुणा करून सांगितलं. काम उघडल्यावर त्या यादीत एकाचाही फरक पडला नाही. माझ्या दृष्टीने या माणसाची सगळ्यात मोठी पावती हीच.

नवीन लाकूड विकत घ्यावं लागलं नाही. तौक्ते वादळात, १६ मे २०२१ ला, आमच्या परड्यातला जुना फणस पडला होता. त्याचे ओंडके ह्यांनी गोठ्यामागे रचून ठेवले होते, चार वर्षं वाळलेले. सुतारदादांनी ते पाहिले आणि पहिल्यांदा हसले. फणसाच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. ते गिरणीवर नेऊन चिरून आणायचं ठरलं.

आंब्यामुळे एप्रिलमध्ये पडवी मोकळी होणं शक्यच नव्हतं. ठरलं १ मे. आणि इथे माझी पहिली तक्रार. ते आले १२ मेला. मधले अकरा दिवस रोज “उद्या येतो”. त्यांचं आधीचं काम लांबलं होतं हे खरं, पण तसं सरळ सांगितलं असतं तर आम्ही झोपाळा, पेट्या, माठ, नारळ सगळं उचलून ओटीवर कोंबून बसलो नसतो. अकरा दिवस त्या पसाऱ्यातून वाट काढत मी स्वयंपाकघरात जात होते. सासूबाई खुर्चीवर, पाय हलवायला जागा नाही. हे त्यांना मी तोंडावर सांगितलंय, म्हणून इथेही लिहितेय.

काम सुरू झाल्यावर मात्र त्यांचा हात पाहत राहावा असा. कौलं वरून खाली फेकली नाहीत. एकेक उतरवून हातोहात खळ्यात आली. तिथे मुलगा प्रत्येक कौल उचलून बोटाच्या पेराने वाजवायचा. धड कौल ठण्णकन वाजतं. तडा गेलेलं बद्द वाजतं, तडा डोळ्यांना दिसत नसला तरी. दोन ढीग झाले. तिसऱ्या दिवशी सासूबाई खुर्ची घेऊन खळ्यात आंब्याच्या सावलीत बसल्या आणि त्यांनीही वाजवायला सुरुवात केली. कमी ऐकू येणाऱ्या माझ्या सासूबाई, कौल कानाजवळ धरून, “हे ठेव”, “हे टाक”. मुलाने त्यांची ठेवलेली सगळी पुन्हा वाजवून पाहिली, एकही चुकलं नव्हतं.

काही कौलांच्या पोटाला बासेल मिशनचा शिक्का निघाला. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तिथून हा माल गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरांवर यायचा. त्याआधी आपल्याकडे नळ्यांची कौलं होती, कुंभाराने चाकावर केलेली. आमची शिक्क्याची कौलं अजून ठण्ण वाजत होती. नंतरची, मधल्या दुरुस्त्यांत आणलेली, जास्त फुटली होती. ३७० कौलं लागणार होती, त्यातली २६० जुनीच निघाली.

उरलेल्यांसाठी सुतारदादा ह्यांना घेऊन जुन्या घरांचं सामान विकणाऱ्याकडे गेले. नवीन का नको, तर वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, एक-दोन सुतांचा फरक असतो आणि तिथूनच पाणी येतं. जाताना आमचं एक कौल पिशवीत घेऊन गेले, तिथे प्रत्येक कौल त्याच्यात बसवून पाहिलं. १२५ आणली, १५ रुपयांना एक. वरची पंधरा माकडांच्या नावाने गोठ्यात ठेवलीत.

१३ मेला दहावीचा निकाल होता, दुपारी एक वाजता. धाकटी दहावीला. रेंज पडवीच्या टोकाला, आणि पडवीला छप्परच नाही. डोक्यावर नुसते वासे आणि भर दुपारचं ऊन. ती मोबाइल घेऊन खांबाला टेकून बसली, वर सुतारदादा करवत चालवत होते. साइट उघडेना. त्यांनी करवत थांबवली, गड्यांना हाताने गप्प केलं, आणि चौघं जण वाशांवर बसून खाली पाहत राहिले. ८९.४० टक्के. पहिली टाळी छपरावरून आली. संध्याकाळी निघताना त्यांनी फणसाच्या तुकड्याची एक पट्टी तासून तिला दिली, पुस्तकात ठेवायला. कडा इतक्या गुळगुळीत की घासकागद लागलेला नाही यावर विश्वास बसत नाही.

वाशांची गेलेली डोकी त्यांनी तिरकी कापून नवीन लाकूड सांधलं. तो सांधा आज मला माहीत आहे म्हणून सापडतो. खांबांखालचे सिमेंटचे ठोकळे काढून खांब पुन्हा घडीव चिऱ्यावर बसवले. वळचण जुन्या खुणेवर आली. भिंतीला वाशांच्या वर एक आडवी खाच मारून त्यात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवला. एक कड भिंतीत, दुसरी वरच्या कौलांवर नुसती टेकलेली, न चिकटवलेली. आता लाकडाने किती हलायचं ते हलावं, पाणी पत्र्यावरून कौलावर जातं. एवढीशी गोष्ट. चौदा वर्षं आम्ही तिथे सिमेंट भरत होतो.

आणि मग २० मे. २०२५ च्या मेमधला पाऊस कोणाला आठवत नसेल असं नाही. मोसमी पाऊस २५ मेलाच महाराष्ट्रात आला, पण आमच्याकडे त्याच्या पाच दिवस आधीच आभाळ फाटलं होतं. संध्याकाळी गडी गेले तेव्हा उत्तरेकडची बाजू कौलांनी भरली होती, दक्षिणेला नुसत्या रिपा. रात्री नऊला वारा उठला. ह्यांनी फोन लावायला दक्षिणेचं टोक गाठलं, तिथे उघड्यावर भिजत उभे. फोन लागेना. तेवढ्यात खालच्या वळणावर दोन गाड्यांचे दिवे दिसले. सुतारदादा, मुलगा, दोघं गडी, पुढ्यात ताडपत्री. निरोप मिळण्याआधीच निघाले होते.

त्या वाऱ्यात ताडपत्री धरणं म्हणजे शीड धरण्यासारखं. दोनदा सुटली. शेवटी सुंभाने रिपांना आवळून बांधली, खालच्या कडेला चिरे लटकवले. मी बॅटरी धरून उभी होते, धाकटी ओटीवरचं पाणी सुपलीने बाहेर लोटत होती, सासूबाई देवापुढे. साडेबारा वाजता सगळे आत आले, गरम पेज आणि लोणचं खाल्लं. सुतारदादा एवढंच म्हणाले, “एक तारखेला आलो असतो तर आज छप्पर पुरं असतं. चूक माजी.” अकरा दिवसांचा माझा राग तिथे संपला. उशीर झाला तो झालाच, तो मी खोडणार नाही. पण स्वतःच्या चुकीवर रात्री पावसात चढणारा कारागीर मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढचं काम उघडीप मिळेल तसं झालं, शेवटचं कौल २७ मेला बसलं. पावसात फुकट गेलेल्या दिवसांचे आणि त्या रात्रीचे पैसे त्यांनी लावले नाहीत. भरलेले दिवस नऊ.

हिशेब विचाराल म्हणून देते. चौघांची मजुरी ३२,४००. सागाच्या रिपा ६,५००. कौलं १२५, त्यांचे १,८७५, टेम्पो १,२००. फणसाचं लाकूड चिरण्याचे २,४००. पन्हळ आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ४,८००. खिळे, स्क्रू, काजूच्या टरफलांचं तेल वगैरे २,१५०. एकूण ५१,३२५. घरचं लाकूड नसतं तर हे पत्र्यांच्या कोटेशनच्या जवळपास गेलं असतं, हे ध्यानात घ्या. सुरुवातीला कागदावर आकडा मागितला तर ते देत नाहीत, तोंडी “पन्नासच्या आसपास” म्हणाले होते. ज्यांना लेखी अंदाज हवा असतो त्यांना हे जड जाईल.

काजूच्या तेलाची गोष्ट राहिली. वाशांना वाळवी-भुंग्यापासून वाचवायला ते तेल लावतात. अंगाला लागलं तर कातडी जळते, म्हणून आधी हातांना खोबरेल चोळून घ्यायचं. दक्षिणेकडचे चार वासे भिजले होते, त्यांना तेल लावायला सुतारदादांनी साफ नकार दिला. ओलं लाकूड तेल पीत नाही, ओल आत कोंडते. “दसऱ्यानंतर येतो” म्हणाले. मी खरं तर ते धरून चालले नव्हते. पण कोजागरी झाल्यावर एका सकाळी एकटेच आले, चारही वाशांना तेल लावलं, चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

गैरसोय एक आहेच. वळचण पुन्हा खाली आली. मोठा मुलगा पुण्याहून येतो तो पाच फूट अकरा इंच, पहिल्या दिवशी कपाळाला टेंगूळ घेऊन जेवायला बसला. भाऊजींचंही आपटलं. उजेडही थोडा कमी झाला होता, त्यासाठी दोन काचेची कौलं घालून घेतली, एक झोपाळ्याच्या वर, एक दक्षिणेच्या टोकाला. आता दुपारी तीनच्या सुमारास उजेडाचा एक चौकोन सासूबाईंच्या मांडीवर येतो. त्या तेव्हा सुपाऱ्या निवडायला घेतात.

माकडं आहेतच. जूनपासून अकरा कौलं फोडली. ती ह्यांनी आणि मी गोठ्यातल्या ढिगातून बदलली, कशी सरकवायची ते मुलाने ह्यांना शिकवून ठेवलंय. ज्यांच्या घरी शिडीवर चढणारं कोणी नाही, म्हातारी माणसं एकटी आहेत, त्यांना मी कौलांचा आग्रह करणार नाही. तिथे पत्रेच बरे.

गणपतीला, २७ ऑगस्टला, घरात चौदा माणसं होती. रात्रभर धो धो. वाडीतली मुलं जाखडी नाचायला आली, खळ्यात चिखल, म्हणून पडवीत नाचली. ढोलकीच्या दणक्याने वासे घुमत होते. पहाटे सगळे गेल्यावर मी नेहमीच्या सवयीने कोपऱ्यातली बादली पाहायला गेले. बादली तिथे नव्हती. सासूबाईंनी आदल्या दिवशीच ती गोठ्यात नेऊन ठेवली होती.

बोलवायचं असेल तर संक्रांतीच्या आधी सांगा, आणि सांगितलेल्या तारखेत दहा-बारा दिवस धरून चाला. पडवी आधीच रिकामी करू नका, ते दारात आल्यावर करा. शिडी आपली लागते. दुपारचं जेवण डब्यात आणतात, पण ताक दिलं तर आवडतं.